अच्युतच्या तोंडावर आलेले बाबा

माझ्या भावाच्या हाताखालून जबलपुरातली हजारभर पोरं तरी शिकून गेली असतील. त्यातल्या कोणालाही विचारा, पिंपळखुटे मास्तर कसे होते? अक्षर कसं होतं, गणित कसं शिकवायचे, हे कोणी सांगणार नाही. "वो लालमुँहे मास्टर?" म्हणतील आणि हसतील. हसोत मेले. मी अच्युतची सख्खी मोठी बहीण, शकुंतला. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि चेरीतालच्या या घरात परत आले, ती इथलीच झाले. त्याचं तोंड लाल काहून झालं ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही, तेव्हा मीच सांगते.

आधी आमच्या बाबांचं सांगावं लागेल. बाबा मोहाची दारू प्यायचे. लपवायची सोयच नव्हती, नाक लाल, गाल लाल, डोळ्यांना पाणी. ते गल्लीत शिरायच्या आधी त्यांचा वास घरात शिरायचा. ज्यांनी मोहाची दारू हुंगली नाही त्यांना काय सांगू? गोडसर, आंबूस, ओल्या जागी राहिलेल्या गुळासारखा वास तो. मी बारा वर्षांची आणि अच्युत नऊचा असताना बाबा एका उन्हाळ्यात तलावाच्या काठी पडले, ते उठलेच नाहीत. तेराव्याच्या दिवशी अच्युतनं आईच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "आई, मी कधीच थेंबाला शिवणार नाही." नऊ वर्षांचं पोर ते! आई रडायची सोडून हसली. मला तिचा अस्सा राग आला.

अच्युतनं शब्द पाळला, आणि नको इतका पाळला. सर्दी झाली म्हणून कोणी ब्रँडीचे दोन थेंब सुचवले तरी हा पानावरून उठून जायचा. शाळेत मास्तर म्हणून लागला, शहपुऱ्याच्या नंदाशी लग्न झालं, विनता नावाची मुलगी झाली. सारं नीट चाललं होतं.

एकोणीसशे तीसचा उन्हाळा. अच्युत तेव्हा बत्तीस वर्षांचा. शाळेतून यायचा तो गाल लालभडक घेऊन. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. पण दिवे लागले तरी लाली उतरेना. मग नाकावर बारीक लाल रेषा दिसायला लागल्या, गालांवर पुटकुळ्या आल्या. त्यांच्यात ना पू ना काही. "ताई, आतून जळून राहिलं गं," म्हणायचा आणि दहा दहा वेळा तोंडावर गार पाणी मारायचा.

एक दिवस दाढी करता करता थांबला. हातात वस्तरा, अर्ध्या तोंडाला साबण. मी चहा ठेवायला गेले तर आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, बघ. बाबा."

मी पाहिलं. ते नाक, ते गाल, ते पाणावलेले डोळे, तेवीस वर्षांपूर्वी जाळलेला माणूस आरशात उभा होता. "चल, काहीतरी बोलतोस," असं मी त्याला झिडकारलं खरं, पण त्या दिवसापासून मीही त्याच्या तोंडाकडे नीट बघायची नाही. आरशावर त्यानं पंचा टाकला. दाढी न्हाव्याकडून करून घ्यायला लागला.

लोकांचं काय सांगावं! बाप माहीत होता, मग मुलगा माहीत व्हायला वेळ लागतो का? शाळेत पोरं गालावर हात चोळून दाखवायची. बाजारात कोणी रोखून पाहिलं की याला लाज वाटायची, लाज वाटली की तोंड आणखी लाल व्हायचं, आणि लाल झालं की लोक आणखी पाहायचे. मी एकदोघींशी भांडलेसुद्धा. पण भांडून लाली जाते का?

मग आमचं शोधणं सुरू झालं. कशानं भडकतं ते कळलं की ते टाकायचं, असं मी ठरवलं. पंचांगातच मी खुणा करायची. ज्या दिवशी फार लाल त्या तिथीवर कुंकवाचं बोट. उन्हात गेला की बोट. गरम चहा घेतला की बोट. मिरचीचा ठेचा खाल्ला की बोट. हेडमास्तर ओरडले त्या दिवशी दोन बोटं. चहा सुटला, मिरची सुटली, वांगी सुटली, तीळ सुटले. कडुनिंबाचा लेप लावला तर सालटं निघाली. चंदन लावलं की घटकाभर गार वाटायचं, मग जैसे थे. शेवटी कोणीतरी भय्यासाहेब वैद्यांचं नाव सांगितलं.

वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाले, "रक्त बिघडलंय. मी देतो ते औषध घ्या. दोन्ही वेळच्या जेवणानंतर चार चमचे, तेवढ्याच कोमट पाण्यातून. उपाशीपोटी घ्यायचं नाही. उग्र आहे, नाक दाबून प्या. दोष आधी सगळा बाहेर येईल, मग जाईल, घाबरायचं नाही." आणि वर सांगितलं, की औषधाच्या बाटलीला दुसऱ्याचा हात लागू देऊ नये, गुण जातो. अच्युत म्हणजे नेमाचा माणूस. बाटली त्यानं आतल्या खोलीत आपल्या पेटीत ठेवली. जेवण झालं की आत जायचा, दार लोटायचा, घ्यायचा, पेला स्वतः विसळायचा.

दोष मात्र बाहेरच येत राहिला. महिना झाला, सहा महिने झाले, तोंड पेटल्यासारखं. वैद्य म्हणाले, "जुना दोष आहे, येऊ द्या."

त्या तीस सालच्याच श्रावणात बाबा घरात यायला लागले.

हसू नका. संध्याकाळची जेवणं आटोपली होती, मी चुलीला पोतेरं देत होते. आणि वास आला. तोच. गोडसर, आंबूस. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी मागे वळले नाही. वळले तर दिसतील असं वाटलं. बारा वर्षांची मुलगी झाले मी तिथे बसल्या बसल्या, दार उघडायला आई उठेल म्हणून वाट पाहणारी. थोड्या वेळानं वास विरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जेवणं झाल्यावरच. मग रोज. मी धूप घातला, उंबऱ्याबाहेर दहीभात ठेवला, मनातल्या मनात विचारलं, "बाबा, काय राहिलं तुमचं? पोराच्या तोंडावर काहून येऊन बसलात?" सर्वपित्रीला मी अच्युतकडून नीट श्राद्ध करवून घेतलं. त्या दिवशी तर वास दुप्पट.

मी हे कोणाला बोलले नाही. अच्युतला सांगितलं असतं तर तो वेडाच झाला असता. आणि नंदालाही तोच वास येत होता, पण तिला तो भिंतीतून येत नव्हता, नवऱ्याच्या तोंडून येत होता. तीही बोलली नाही. एका घरात दोन बायका, दोघींना एकच वास, आणि दोघी गप्प. आमच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

एक गोष्ट मात्र पंचांगात दिसायला लागली. एकादशीला तोंड उतरायचं. दर एकादशीला! आणि त्या संध्याकाळी बाबाही यायचे नाहीत. मी अच्युतला खुणा दाखवल्या. तो पाहतच राहिला. म्हणाला, "ताई, उपासाला ते जवळ येत नाहीत." म्हणजे हाही तेच समजत होता जे मी समजत होते! आम्ही बहीणभाऊ एकमेकांकडे पाहून रडलो.

मग काय, एकादशी, सोमवार, शनिवार, चतुर्थी, प्रदोष, उपासच उपास. तेही नुसत्या पाण्यावर. उपासाला लाली कमी, पारण्याला जेवला की पुन्हा भडका. आम्हाला वाटे अन्नातूनच बाबा शिरतात. बरगड्या मोजून घ्या असा झाला तो.

फाल्गुनात नंदा माहेरी निघाली, विनताला घेऊन. मी आडवी गेले. तर म्हणाली, "वन्सं, मला खोटं चालत नाही. प्यायले असते आणि हो म्हणाले असते तर मी राहिले असते. रोज तोंडाला वास येतो आणि रोज म्हणतात घेत नाही. विनतासमोर म्हणतात." मी म्हटलं, "अगं, तो वास त्याचा नाही, तो बाबांचा आहे!" तिनं माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं की मीच वाटेतून बाजूला झाले.

अच्युत सात महिने शहपुऱ्याला पत्रं लिहीत राहिला. शेवटी दसऱ्यानंतर नंदाचा भाऊ दिवाकर आला. सरळ माणूस. म्हणाला, "जिजाजी, नर्मदामाईचं पाणी हातात घेऊन सांगा. मग मी स्वतः बहिणीला आणून सोडतो." दुसऱ्या दिवशी आम्ही ग्वारीघाटाला गेलो. अच्युत कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, ओंजळ भरली, आणि मोठ्यानं म्हणाला, "माई, मी दारूच्या थेंबाला कधीही शिवलो असेन, तर माझी विनता मला पुन्हा दिसू नये." दिवाकरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्रिपुरी पौर्णिमेला नंदाला पोचवतो म्हणाला.

आता अच्युतला एकच ध्यास. पौर्णिमेपर्यंत तोंड साफ झालं पाहिजे. विनता सात वर्षांची, बापाला पाहून घाबरायला नको. वैद्यांना न विचारता त्यानं औषध वाढवलं. चाराचे आठ चमचे, मग अर्धा पेला. मला पत्ता नाही.

कार्तिकी एकादशी त्यानं निर्जळी केली. द्वादशीला सकाळी दोन घास खाल्ले आणि आत गेला. राहिलेले डोस भरून काढायचे म्हणून पेलाभर औषध एकदम घेतलं आणि शाळेत गेला. तासाभरात शाळेचा चपराशी नथ्थू त्याला खांद्याचा आधार देऊन घेऊन आला. "बहनजी," नथ्थू खाली बघत म्हणाला, "मास्टरजी ने आज थोड़ी ज़्यादा ले ली. क्लास में गिर पड़े." मागे गल्लीतली माणसं उभी. अच्युतचे पाय वाकडे पडत होते. तोंड असं लाल की बघवेना. आणि त्याच्या तोंडून, भिंतीतून नव्हे, त्याच्या तोंडून, तो वास.

मी त्याला थोबाडीत मारली. तेहतीस वर्षांच्या भावाला, सगळ्यांसमोर. "मेल्या, नर्मदेत उभा राहून खोटं बोललास? विनताची शपथ घेतलीस?" तो भिंतीला टेकून खाली बसला. जीभ जड झालेली. "ताई, आईशपथ नाही गं. भात खाल्ला आणि औषध घेतलं. औषध फक्त."

तो "औषध फक्त" म्हणाला. मी आत गेले, पेटी उघडली, बाटलीचं बूच काढलं.

बाबा त्या बाटलीत होते.

मी पेल्यात ओतून घेतलं आणि प्याले. विधवा बाई, जन्मात कधी शिवली नव्हती, घटाघटा प्याले. घशातून जळत गेलं, मग कानांत गरम झालं, मग चौकट हलायला लागली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले. जेवणानंतर औषध. उपासाला जेवण नाही, म्हणून औषध नाही. एवढं साधं! दीड वर्ष मी पंचांगात बोटं उमटवली, आणि सगळ्यांत मोठी खूण मला वाचता आली नाही.

डोकं ताळ्यावर आल्यावर मी बाटली पदराखाली घेऊन भय्यासाहेबांकडे गेले. हे काय आहे म्हणून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आसव आहे. मोहाची फुलं, गूळ, धायटीची फुलं, मडक्यात घालून महिनाभर पुरून ठेवतो. आपोआप आंबतं." मी म्हटलं, "म्हणजे दारूच की!" ते रागावले. "बाई, शास्त्रातलं औषध आहे ते. दारू कलालाच्या दुकानात मिळते." मी बाटली त्यांच्या ओसरीवर आपटली आणि निघाले. मागे वळूनही पाहिलं नाही.

घरी अच्युत शुद्धीवर येऊन बसला होता. मी सारं सांगितलं. वाटलं, सुटल्यासारखं होईल त्याला. तो पांढरा पडला. म्हणजे गालांखेरीज सगळा. "म्हणजे शपथ खोटी झाली," म्हणाला. "ताई, मी विनताचं नाव घेतलंय."

मी त्याला परोपरीनं समजावलं. तुला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना झालेलं पाप नसतं. तीन दिवसांनी ती घरी येणार आहे, बाटली गेली, वास गेला, आता तोंड मिटून बस. नंदाला सांगितलंस तर काय ऐकेल ती? नवरा प्यायला होता, एवढंच ऐकेल. पोर जाईल हातची. मी पाया पडायला तयार होते. पण तो म्हणाला, "तिनं एकच मागितलं होतं, ताई. खोटं बोलू नका." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं शहपुऱ्याला गेला. एकट्याला कसा सोडणार? मीही गेले.

नंदाच्या माहेरच्या ओसरीवर, दिवाकरसमोर, त्यानं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, की सजवला नाही. शेवटी म्हणाला, "तुला यायचं नसेल तर माझं म्हणणं नाही. शपथ खोटी होती, ती तू खरी धरून येऊ नयेस." दिवाकर काहीतरी बोलणार होता. नंदानं त्याला हातानं थांबवलं. तोंडाला पदर लावून ती किती वेळ रडली! मग म्हणाली, "घरचे सगळे म्हणायचे ते पीत नाहीत. मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय." आतून विनता आली आणि बापाच्या गालाला हात लावून म्हणाली, "गरम आहे." त्याच संध्याकाळी आम्ही चौघं जबलपूरला आलो.

मग सिव्हिल लाइनीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं पाहिलं. त्यानं कागदावर नाव लिहून दिलं, रोझेशिया. म्हणाला, हा कातडीचा रोग आहे. दारूनं भडकतो, पण जन्मात न प्यायलेल्यांनाही होतो. ऊन, गरम चहा, तिखट, मनस्ताप, सगळ्यानं चेततो. मुळासकट जात नाही, सांभाळून राहायचं. गंधकाचं मलम दिलं. त्यानं पुटकुळ्या बसल्या. लाली कमी झाली, गेली नाही. छत्री आणि ओला रुमाल घेऊन अच्युतनं पुढची सगळी नोकरी केली.

त्याच डॉक्टरनं विचारलं होतं, "वडिलांनाही होता का?" घरी येऊन अच्युतनं मला विचारलं, "ताई, बाबांचं तोंड आधी लाल झालं की ते आधी प्यायला लागले?" मी म्हटलं, "मला आठवत नाही." ते खोटं होतं. मला आठवतं. मी सहा-सात वर्षांची असेन. बाबा ओसरीवर तोंडावर ओला पंचा टाकून पडायचे, आणि तेव्हा घरात कसलाही वास नव्हता. "जळून राहिलं गं शकू," म्हणायचे. शेजारच्या पुष्पानं विचारलं, तुझ्या बाबांचं तोंड असं काहून? मी ऐटीत म्हटलं, "दारू पितात ते." मोठ्यांचं बोलणं ऐकून म्हटलं. खरे प्यायला लागले ते त्यानंतर. हे मी अच्युतला कधीच सांगू शकले नाही.

नंदाचं म्हणाल तर, परत आली त्या पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती अच्युतच्या समोर येऊन उभी राहिली. "श्वास सोडा," म्हणाली. त्यानं सोडला. तिनं मान हलवली आणि भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. वर्षं गेली तरी तेच. एकदा मी चिडले, "अगं, तो काय चोर आहे?" तर शांतपणे म्हणाली, "वन्सं, ते पीत नाहीत हे मला माहीत आहे. माझ्या नाकाला माहीत नाही." अच्युतनं एकदाही तक्रार केली नाही. ती आजारी असली तर हा तिच्या खाटेजवळ जाऊन वाकायचा. विनताचं लग्न झालं, खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, युद्ध संपलं, इंग्रज गेले, यांचं जेवणानंतरचं हे काही चुकलं नाही. सतरा वर्षं.

गेल्या पौषात नंदा तापानं गेली. तेरावं झालं. विनता सासरी परत गेली. त्या संध्याकाळी घरात आम्ही दोघंच. त्यानं ताकभाताचे चार घास कसेबसे खाल्ले, हात धुतले, आणि खोलीकडे न जाता माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रडून रडून गाल पेटलेले. मला वाटलं काही हवंय. "काय रे?" म्हटलं. तो थोडा वाकला आणि माझ्या तोंडावर श्वास सोडला.

मला हुंदका आवरेना. "काही नाही रे," म्हटलं, "काही नाही."

"नीट बघ, ताई," तो म्हणाला.

मी पुन्हा हुंगलं. ताकाचा वास होता, दुसरं काही नव्हतं. मी तसं सांगितलं. "मग ठीक," म्हणाला आणि झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी चूल तशीच टाकली आणि आधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.